पावती कुठे आहे?

(पत्र आलं त्याच दिवशी उत्तर पाठवलं होतं. आता बराच काळ उलटल्यावर, पत्रलेखकाला विचारून, दोन्ही छापत आहोत. देश, शहर, नावं काढून टाकली आहेत.)

ताई, वय 28. परदेशातल्या वकिलातीत सेकंड सेक्रेटरी आहे, पहिलंच पोस्टिंग. या देशाचे आणि आमचे संबंध दर आठवड्याला आणखी बिघडतायत. सीमेवर फौजा आल्यात, युद्ध होणार असं इथले टॅक्सीवालेही बोलतात. आठ महिन्यांपूर्वी एका मैफलीच्या मध्यंतरात ती भेटली. इथलीच आहे, भाषांतरं करते. माझं तिच्यावर प्रेम आहे. तिने तिच्या मामांशी ओळख करून दिली, ते एका अभ्यास संस्थेसाठी लिहितात. त्यांनी सध्याच्या परिस्थितीवर दोन पानांचं टिपण मागितलं. मी वर्तमानपत्रांत आलेलंच लिहून दिलं (मानधनाचं पाकीट मिळालं, पावतीवर सही केली, पाकीट उघडलेलं नाही). गेल्या आठवड्यात ती रडत म्हणाली, तुमच्या वकिलातीतली कुटुंबं परत जायला लागली तर मला आधी सांगशील ना? मामा म्हणतात, दोन्ही बाजूंना एकमेकांचा खरा इरादा कळला तर युद्ध टळेल. ताई, ती मला वापरतेय का? तिचं प्रेम खरं आहे की नाही हे ओळखायचं कसं?
ता. क. शनिवारी तिचा वाढदिवस आहे. जाऊ का?

तुला अरे-तुरे करते. मला ताई म्हणालास, तेवढा हक्क घेते.

तुझं मूळ पत्र सात पानांचं, वर आहे ते त्याचं सार. सातांतली साडेपाच पानं तिच्याविषयी आहेत. तिचं हसणं, तिचा पिवळा स्कार्फ, रस्ता ओलांडताना ती तुझी बाही कशी धरते ते. पावतीला मात्र एक ओळ, तीही कंसात. मी तीसेक वर्षं वकिलातींमधून कारकुनी केली, त्यातली बरीचशी सायफरच्या, म्हणजे सांकेतिक निरोपांच्या, खोलीला लागून असलेल्या टेबलावर. तिथे बसणाऱ्याला एक खोड लागते. तो कंसातलं आधी वाचतो.

तर, पावती कुठे आहे?

तुझ्याकडे नाही. मामांकडे आहे, म्हणजे मामा ज्यांना हिशेब देतात त्यांच्याकडे. तुझ्या दोन पानांत काय होतं याला काडीची किंमत नाही. ती पानं त्यांनी कदाचित वाचलीही नसतील. त्यांना हवी होती तुझी सही, तुझ्या हाताची, परक्या देशाच्या माणसाकडून पैसे मिळाल्याच्या कागदावर. पाकीट तू उघडलंस की नाही, आत किती होते, हे तो कागद सांगत नाही. आज मामा गोड आहेत. तू कधी ‘आता पुरे’ म्हणालास, की हीच पावती तुझ्या राजदूतांच्या टेबलावर ठेवायची भाषा सुरू होईल. किंवा भाषाही होणार नाही, नुसता उल्लेख होईल. ‘तुमची सही फार सुरेख आहे हो,’ एवढंच.

आणि ‘मामा’ या शब्दावरच मी थबकले. 1980 च्या दशकात मॉस्कोच्या अमेरिकी वकिलातीत क्लेटन लोनट्री नावाचा तरुण मरीन पहारेकरी होता. वकिलातीतच काम करणाऱ्या व्हायोलेटा नावाच्या मुलीच्या प्रेमात पडला. तिने त्याला आपल्या ‘अंकल साशा’ची ओळख करून दिली. साशाकाका केजीबीचे, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर खात्याचे. डिसेंबर 1986 मध्ये लोनट्रीने स्वतःच्या तोंडाने सगळं कबूल केलं, पण तोवर हातून बरंच गेलं होतं. लष्करी न्यायालयाने 30 वर्षांची शिक्षा दिली. पुढे ती कमी होत गेली तरी नऊएक वर्षं त्याने आत काढली. तुझे मामा साशाकाकाच आहेत असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण प्रेयसीच्या नातेवाइकाला परराष्ट्र धोरणावर दोन पानं हवी असणं, आणि ती आयती ओळखीतल्या दूतावासाच्या माणसाकडून, हा योगायोग फार सोयीचा आहे. अभ्यास संस्थांना तज्ज्ञांची वाण नसते रे.

आता तिच्या प्रश्नाकडे ये. तुला तो काळजीचा वाटला. कुटुंबं परत जायला लागली तर सांगशील ना, म्हणजे तू जाणार हे मला आधी कळेल, असा त्याचा अर्थ तू लावलास. असेलही. पण युद्धाआधीच्या दिवसांत याहून मोलाची दुसरी बातमी नसते. सरकार भाषणात काय म्हणतं ते कुणी मनावर घेत नाही. वकिलातीतली बायकापोरं विमानतळाकडे निघाली, शाळेतून नावं निघाली, आवारात कागद जळायला लागले, की समोरचा समजतो. डिसेंबर 1941 च्या सुरुवातीला जपानने आपल्या वकिलातींना सांकेतिक पुस्तकं आणि यंत्रं नष्ट करायला सांगितलं. ते हुकूम अमेरिकेने वाटेतच वाचले, आणि युद्ध दाराशी आलं याची ती सगळ्यात ठळक खूण मानली गेली. कुठून येणार ते मात्र कळलं नाही, ती गोष्ट वेगळी. म्हणून, कुटुंबं कधी निघणार हे तू तिच्या खांद्यावर डोकं ठेवून सांगितलंस तरी ते सैन्याच्या हालचालीइतकंच मोठं गुपित आहे. त्यावर ‘गोपनीय’ असा शिक्का नसतो, एवढाच फरक.

बरं, तुझा मुख्य प्रश्न. प्रेम खरं का खोटं.

मला वाटतं तू चुकीच्या दारावर टकटक करतोयस. ते खोटं निघालं तर तू सुटशील आणि खरं निघालं तर सगळं माफ होईल, असं तुझ्या मनात आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे तुझ्या लक्षातच आलेलं नाही. 1933 पासून बर्लिनमध्ये अमेरिकेचे राजदूत होते विल्यम डॉड. त्यांची मुलगी मार्था आणि सोव्हिएत वकिलातीतला सेक्रेटरी बोरिस विनोग्रादोव्ह यांचं प्रेम जमलं. बोरिसला मॉस्कोहून हुकूम होता की या मुलीला धरून ठेव, तिचा उपयोग आहे. म्हणजे तो कामावर होता. आणि तरी, त्या दोघांची जी हकीकत आज उघड आहे ती वाचून, हा माणूस नुसतं नाटक करत होता असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. मार्थाने त्याच्याशी लग्न करू द्या म्हणून थेट स्टालिनकडे अर्ज केला होता. 1938 मध्ये स्टालिनने आपल्याच लोकांवर चालवलेल्या शुद्धीकरणात बोरिसला त्याच्याच सरकारने गोळी घातली. मार्था तोवर त्यांची हस्तक झालेली होती. कुणी कुणाला फसवलं, सांग बघू. मला अजून नीट उलगडलेलं नाही.

तिच्या बाबतीतही असंच असेल. कदाचित तिला खरंच तू आवडतोस. कदाचित तिला कुणीतरी दम दिलाय, घरच्यांची नोकरी, धाकट्या भावाची परीक्षा, काहीही. ती रडली तेव्हा खरंच रडली असेल. तुला ते कधीच कळणार नाही, आणि ते कळेपर्यंत थांबायचं ठरवलंस तर त्या थांबण्यातच बुडशील.

आपल्याकडे ही गोष्ट किती जुनी आहे बघ. देव-दानवांचं युद्ध पेटलेलं. दानवांचे मेलेले सैनिक शुक्राचार्य संजीवनी विद्येने पुन्हा उभे करतात, देवांकडे ती विद्या नाही. मग देव बृहस्पतीच्या मुलाला, कचाला, शिष्य म्हणून शत्रूच्या नगरीत पाठवतात. पाठवताना बजावतात, शुक्राचार्यांची मुलगी देवयानी, तिला प्रसन्न ठेव. म्हणजे नेमणुकीच्या कागदातच प्रेमाचं कलम होतं. कच तिच्यासाठी गातो, नाचतो, रानातून फुलं आणून देतो. दानवांना संशय येतो, ते त्याला मारून टाकतात. देवयानी बापाकडे हट्ट धरते, बाप त्याला उठवतो. पुन्हा मारतात, पुन्हा हट्ट. शेवटी त्याची राख मद्यात कालवून शुक्राचार्यांनाच पाजतात. आता त्याला बाहेर काढायचं तर बापाचं पोट फाटणार, आणि बाप जगायचा तर कचाला विद्या शिकवल्याशिवाय गत्यंतर नाही. शिकवली. युद्धातलं सगळ्यात मोठं गुपित एका मुलीच्या रडण्यामुळे गेलं. मग कच निघाला. ती म्हणाली लग्न कर, तर म्हणाला, तू गुरुकन्या, मला बहिणीसारखी.

कचाबद्दल मला कधी राग आला नाही. फुलं आणताना त्याला मजाही वाटली असेल. पण लहानपणापासून आपण ही गोष्ट त्याच्या बाजूने ऐकतो. शूर तरुण, शत्रूच्या नगरीत एकटा. तूही पत्रात स्वतःला तसाच रंगवलायस. पण संजीवनी कुणाच्या घरात आहे ते बघ. या गोष्टीत देवयानी तू आहेस, बाबा.

जाता जाता, दूताने परक्या राज्यात मद्य आणि स्त्रिया टाळाव्यात, एकट्याने झोपावं, कारण झोपेत आणि नशेत मनातलं बाहेर पडतं, असं कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लिहिलेलं आहे. नवीन असताना आम्ही यावर खूप हसायचो. शिवाय दूत पुरुषच असणार हे धरून लिहिलेलं. प्रत्यक्षात माझ्या नोकरीत गळाला लावलेली आमिषं निम्मी तरी मिशीवाली होती. पहिल्या पोस्टिंगचा एकटेपणा मला ठाऊक आहे. रविवारी दुपारी कुलूप उघडून आत यायचं आणि स्वतःशीच मोठ्याने बोलायचं. त्या दुपारी जो कुणी तुमची भाषा शिकायची म्हणतो तो देवदूत वाटतो. ही माणसं नेमकी तीच दुपार हेरतात.

युद्ध टाळण्याचं म्हणशील, तर तुझ्या पत्रातला हा एकच मुद्दा मी दोनदा वाचला. कारण असं करणारे लोक झालेत, आणि सगळेच लोभी नव्हते. ऑगस्ट 1939 मध्ये हान्स फॉन हेरवार्थ मॉस्कोच्या जर्मन वकिलातीत होता, तुझ्यासारखाच कनिष्ठ अधिकारी. हिटलर आणि स्टालिनच्या करारात पूर्व युरोप वाटून घ्यायचं गुप्त कलम आहे, हे त्याने 24 ऑगस्टला अमेरिकी वकिलातीतल्या चार्ल्स बोलेनला सांगितलं. त्याआधी काही महिने तो त्याला वाटाघाटींची खबर देतच होता. पैसा नाही, मुलगी नाही. काय सांगायचं, कुणाला सांगायचं, हे त्याचं त्याने ठरवलं. आणि आठ दिवसांनी पोलंडवर हल्ला झालाच. पुढे हा माणूस पश्चिम जर्मनीचा लंडनमधला राजदूत झाला. तो फितूर की शहाणा, यावर मी अजून स्वतःशीच भांडते.

पण तू हेरवार्थ नाहीस. तुझ्या बाबतीत विषय मामांनी काढला, वेळ मामांनी ठरवली आणि पाकीटही मामांचंच. ‘दोन्ही बाजूंना एकमेकांचा इरादा कळला तर’ म्हणतात ना? त्यांच्या बाजूचा इरादा त्यांनी तुला आजवर काय सांगितला? सात पानांत एक अक्षर नाही. या देवाणघेवाणीत मला फक्त घेवाण दिसते. आणि त्यांच्याकडे खरोखर शांततेचा निरोप असेल, तर वकिलात त्यासाठीच उघडी आहे. त्यांनी राजदूतांची वेळ मागावी. सेकंड सेक्रेटरीच्या घरी का येतात?

आता कामाचं.

हे वाचून झाल्यावर आज रात्री काही करू नकोस. तिला फोन नको, जाब नको. तुझ्या आवाजातला फरक तिला, किंवा तिच्याबरोबर ऐकणाऱ्याला, लगेच कळेल. फोनमधले निरोप पुसू नकोस. ते पुसलेस तर उद्या तुझ्या खरेपणाचा एकमेव पुरावा तूच नष्ट केलेला असेल. उद्या सकाळी वकिलातीत जा आणि तिथे बसून, हाताने, टिपण लिही. घरी नको, लॅपटॉपवर नको. तिची पहिली भेट कुठे, कोणत्या तारखेला, कुणी ओळख करून दिली. मामांच्या भेटी किती, कुठे. काय मागितलं, तू काय दिलंस, त्या दोन पानांची प्रत असेल तर ती. पाकीट कधी, पावतीवर काय मजकूर होता, जसा आठवतो तसा. कुटुंबांविषयीचा तिचा प्रश्न, तिच्याच शब्दांत. भावना कमी, तारखा जास्त. जे आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’ असंच लिही, ठिगळं लावू नकोस, पुढे चौकशीत तीच उसवतात. ‘प्रेमसंबंध आहेत’ हेही लिही, सरळ. लाजून ‘परिचय’ लिहिलंस तर पुढचं सगळं खोटं ठरतं. मग ते सुरक्षा अधिकाऱ्याच्या किंवा राजदूतांच्या हातात दे. मित्राला आधी विचारून बघतो, असला घोळ घालू नकोस.

पाकीट परत करायला मामांकडे जायचं नाही. तुला तोच सभ्य मार्ग वाटेल, मला माहीत आहे. पण दोन माणसांच्या मध्ये पाकीट आहे असा फोटो कुणी काढला, तर त्यात देणारा कोण आणि घेणारा कोण हे दिसत नाही. ते न उघडता टिपणासोबत जोड. आत काय निघेल याची उत्सुकता असेल तर ऐक. दुसऱ्या महायुद्धात अंकारातल्या ब्रिटिश राजदूताच्या नोकराने मालकाचे कागद जर्मनांना विकले, ‘सिसेरो’ या नावाने तो ओळखला जातो. बदल्यात पोतंभर पौंड मिळाले. त्यातले बहुतेक जर्मनांनीच छापलेले खोटे होते.

आणि एक आगाऊ सूचना. ‘मी मामांना खोटी माहिती देत राहतो आणि आपल्यासाठी काम करतो’ असलं काही डोक्यात आलं असेल तर झटकून टाक. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. तो खेळ खेळायचा की नाही हे दुसरे लोक ठरवतात, आणि पहिल्या पोस्टिंगच्या मुलावर ते सहसा पैज लावत नाहीत.

तुला डिप्लोमॅटिक संरक्षण आहे यावर फार विसंबू नकोस. 1961 च्या व्हिएन्ना कराराने तिथलं सरकार तुला अटक करू शकत नाही, फार तर ‘पर्सोना नॉन ग्राटा’, म्हणजे नकोसा माणूस, ठरवून हाकलेल, आणि कारणही सांगणार नाही. युद्ध सुरू झालं तरी तुला सुखरूप बाहेर पडू देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. पण हे कवच तुझं नाही, तुझ्या सरकारचं आहे, आणि ते काढून घेण्याचा अधिकारही त्याचाच. तुझ्याच देशाच्या कायद्यापासून तर ते तुला मुळीच वाचवत नाही. हा करार व्हायच्या आधीही तत्त्व हेच होतं. मे 1940 मध्ये लंडनच्या अमेरिकी वकिलातीतला सायफर कारकून टायलर केंट याच्या खोलीत वकिलातीचे दीड हजारांहून जास्त कागद सापडले. राजदूताने त्याचं संरक्षण काढून घेतलं आणि ब्रिटिश न्यायालयाने त्याला सात वर्षांची शिक्षा दिली. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीही नव्हती.

सांगितल्यावर तुझं काय होईल? खोटा धीर देत नाही. बहुधा काही दिवसांत तुला परत बोलावतील. चौकशी होईल, अपमान वाटेल असे प्रश्न येतील, काही वर्षं एखाद्या निरुपद्रवी विभागात फायली चाळशील. कदाचित पुन्हा परदेशी पोस्टिंग मिळणारही नाही. पण मॉस्कोतल्या दोन ब्रिटिशांकडे बघ. जॉन व्हॅसल, कारकून. 1954 मध्ये त्याला एका पार्टीत गाठून फोटो काढले. समलिंगी संबंध तेव्हा ब्रिटनमध्ये गुन्हा होता, तोंड उघडलं तर स्वतःचेच लोक आत टाकतील ही त्याची भीती खरीच होती. तो गप्प राहिला, सात वर्षं कागद देत राहिला आणि 1962 मध्ये 18 वर्षांची शिक्षा घेऊन बसला. दुसरे खुद्द राजदूत जेफ्री हॅरिसन. घरातल्या रशियन मोलकरणीशी संबंध, तिथेही फोटो. 1968 मध्ये ते दाखवून दबाव आणायला लागल्यावर त्यांनी आपल्या सरकारला स्वतःच कळवलं. ताबडतोब परत बोलावलं, कारकीर्द संपली, नाचक्की झाली. पण रात्री ते आपल्या घरी झोपायला गेले. तुझ्याकडून अजून दोन वर्तमानपत्री पानं आणि एक सहीच गेली आहे. हॅरिसनपेक्षाही तू स्वस्तात सुटशील, कुटुंबांविषयी तोंड उघडलं नसशील तर. उघडलं असशील तर तेही टिपणात लिही. पत्रात तू ते टाळलंयस हे मला दिसलं.

तिचं काय, असं तू विचारशील. तिला तू वाचवू शकत नाहीस. फक्त टिपणात लिहू शकतोस की तिच्यावर दबाव असावा असं तुला वाटतं, आणि का वाटतं. कधी कधी अशा एका वाक्यातून कुणाला तरी बाहेरची वाट मिळते. बहुतेकदा मिळत नाही.

शनिवारचं आता तू ठरवू नकोस. टिपण दिल्यावर सुरक्षा अधिकारीच सांगेल, जायचं की आजारी पडायचं, आणि गेलास तर किती वाजता निघायचं. भेटवस्तू घेऊन ठेवली असशील तर तीही सोबत ने, आणि कुठून घेतली ते सांग.